एका पाषाणाच्या दोन लेकी

आजची गोष्ट मातीची आहे, पोरांनो, आणि ती फार जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या आधीची? हो, त्यांच्याही आधीची. पांडवांच्या? त्यांच्याही. साडेसहा कोटी वर्षे मागे चला. तेव्हा कृष्णा नव्हती, गोदावरी नव्हती, आजचा सह्याद्रीही नव्हता. माणूस तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. जमिनीला मैलोगणती लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेला. एक थर पसरायचा, निवायचा, मध्ये बराच काळ जायचा, की त्याच्यावर दुसरा. घाटातून जाताना समोरच्या डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात ना, त्या या थरांच्या. इतकी झीज होऊनही हा खडक आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर शिल्लक आहे. अख्खा महाराष्ट्र दीड वेळा झाकून वर उरेल एवढा.

शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात, आपण काळा पाषाण म्हणतो. गडांचे बुरूज, हेमाडपंती देवळे, आजीचा पाटा-वरवंटा, सगळे याच दगडाचे.

या पाषाणाला दोन लेकी झाल्या. एक तांबडी, एक काळी. तांबडी दिली कोकणात, काळी दिली देशावर. माहेर एकच, पण सासरच्या हवापाण्याने दोघींचे रूप, स्वभाव, आवडनिवड इतकी पालटली की आज शेजारी उभ्या केल्या तर या सख्ख्या बहिणी आहेत हे कुणाला खरे वाटणार नाही. दोघींना सांभाळायची रीतही त्यामुळे वेगळी. हे ज्याला कळले त्याची शेती सुधारली, आणि ज्याने एकीचे औषध दुसरीला दिले त्याचा पैसा मातीत गेला. अक्षरशः मातीत.

सासर किती वेगळे ते आधी पाहू. पोलादपुराहून एस.टी.त बसा आणि आंबेनळी घाटाने वर या. वर महाबळेश्वर. इथे वर्षाकाठी साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सगळा एका जागी थोपवून धरला तर दुमजली घर जवळजवळ बुडेल. तिथून पाचगणी वीस किलोमीटरांच्या आत, पण पाऊस एकतृतीयांशावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की सात-आठशे मिलिमीटर. तसेच पूर्वेला जात राहा, साताऱ्याच्याच माण तालुक्यात पोहोचा. तिथे पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. खालचा पाषाण तोच, ढगही त्याच अरबी समुद्रावरून आलेले. पण ढगांना सह्याद्री आडवा येतो. ते वर चढतात, निवतात, बहुतेक पाणी तिथेच रिते करतात आणि पुढे हलके होऊन जातात. पाच-सहा हजार आणि पाचशे, एवढाच काय तो फरक. पण त्याने मातीचे नशीब ठरवले.

पाणी दगडाचे करते तरी काय? पावसाचा थेंब खाली येताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो. जमिनीत मुळे आणि जिवाणू श्वास घेतात, त्यांचा कार्बन डायऑक्साइड त्यात आणखी मिसळतो. पाणी किंचित आंबट होते. सोडावॉटरमध्ये असते तेच आम्ल, पण नावापुरते. हे पाणी वर्षानुवर्षे पाषाणाच्या फटींतून झिरपते आणि दगडातले एकेक द्रव्य सोडवून नेते. आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम. ही सारी लवकर विरघळणारी. मग बऱ्याच काळाने सिलिका. बेसाल्टचा जवळजवळ अर्धा भाग सिलिकाचा असतो, आणि कोकणच्या पावसाने तोही हळूहळू धुऊन नेला. मागे काय राहिले? जे पाण्याला दाद देत नाही ते: लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाला हवा लागली, गंज चढला, माती तांबडी झाली.

हाच जांभा. महाबळेश्वरच्या पठारावर, पाचगणीच्या टेबललँडवर आणि खाली रत्नागिरीच्या सड्यांवर जो तांबूस, भोकाभोकांचा खडक दिसतो तो. खाणीतून ताजा काढला तर इतका मऊ की त्याचा चिरा कापता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो. म्हणून तर कोकणात घरे चिऱ्याची. कोल्हापूर-रत्नागिरीकडे काही ठिकाणी यातले ॲल्युमिनियम इतके वाढले की बॉक्साइटच्या खाणी निघाल्या. हे काम दहा-वीस पावसाळ्यांचे नव्हे. लाखो वर्षे रोज थोडे थोडे नेले आहे पावसाने. तांबडीचे सासर पाण्याने श्रीमंत, पण त्या पाण्यानेच तिचे सगळे स्त्रीधन लुटले.

आता धाकटी. देशावर पाऊस तोकडा. पाषाण इथेही झिजला, पण सुटलेली द्रव्ये वाहून न्यायला पुरेसे पाणीच नव्हते. सिलिका राहिली, कॅल्शियम-मॅग्नेशियम राहिले, आणि या सगळ्यांनी मिळून एक विलक्षण चिकणमाती घडवली. तिचे कण सूक्ष्मदर्शकानेही धड दिसत नाहीत इतके बारीक, पातळ पापुद्र्यांचे. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आकसते. मे महिन्यात सोलापूर-परभणीकडच्या भारी रानात जाऊन पाहा. भेगा इतक्या रुंद की हात आत जाईल. तुरीची लांब काठी आत सोडली तर कमरेइतकी खाली जाते आणि मगच अडते. वळवाचा पाऊस आला की वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, खाली जाऊन भिजते, फुगते आणि खालच्या मातीला वर रेटते. म्हणून जाणती माणसे म्हणतात की काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. यात कवित्व काही नाही, खरेच तसे होते.

आणि हिचे पोट केवढे! एक मीटर खोलीची भारी काळी जमीन पिकाला वापरता येईल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. म्हणून तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी पुढे पावसाचा थेंब न मिळताही निव्वळ ओलीवर आणि थंडीवर येते. मालदांडी शाळूची भाकरी खाता ना? ती या पोटातल्या पाण्याची आहे.

पण काळीच्या घरी साठवण जरा जास्तच झाली. चुना बाहेर गेलाच नाही, जागच्या जागी खडे होऊन बसला. एक खेळ करून पाहा. देशावरच्या शेतातला चुनखडीचा पांढरट खडा घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येईल. फार पूर्वी पाण्यात मिसळून आलेला कार्बन डायऑक्साइड त्या खड्यात अडकला होता, तो आता तुमच्या स्वयंपाकघरात सुटला. तेच लिंबू जांभ्यावर पिळा. काही होणार नाही. तिथला चुना केव्हाच समुद्राला मिळाला आहे.

याच्यातून पुढे एक गंमत निघते. शेतकऱ्याला मात्र ती गंमत वाटत नाही. तांबड्या मातीत लोह उदंड, पण ते स्फुरदाला धरून ठेवते. तुम्ही सुपर फॉस्फेटची गोणी ओतली तरी त्यातला मोठा वाटा लोह आणि ॲल्युमिनियम पकडून बसतात आणि भात उपाशी राहतो. काळ्या मातीतही लोह कमी नाही, पाषाणच तो. पण तिथे चुनखडी लोहाला असे बांधून टाकते की मुळांना ते घेता येत नाही. ऊस, भुईमूग पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. एकीकडे लोहामुळे स्फुरद अडला, दुसरीकडे चुन्यामुळे लोह अडले. दोन्हीकडे माल घरात आहे आणि कुलूप पडले आहे.

मग उपाय सारखा कसा असेल? कोकणातल्या आंबट जमिनीत रॉक फॉस्फेट टाकले तर जमिनीतले आम्लच ते हळूहळू विरघळवते आणि झाडाला पुरवते. तेच देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत टाकले तर दगड टाकल्यात जमा. उलट देशावर केवडा पडला तर हिराकस, म्हणजे लोहाचे खत, नुसती पसरून भागत नाही. ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून मग द्यावी लागते, म्हणजे शेणखत तिला चुन्यापासून राखते. दुकानदार दोघांनाही एकच डबा देतो. माझा राग दुकानदारावर नाही, आपण त्याला माती न दाखवता डबा मागतो त्यावर आहे.

आतापर्यंत सगळे पावसावर घातले. पण सासू एकटी नसते, सासराही असतो. तो म्हणजे सूर्य.

रशियात वासिली दोकुचायेव नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. १८७०च्या दशकात तिकडे मोठे दुष्काळ पडले, तेव्हा तिथल्या काळ्या मातीचा अभ्यास करायला ते हजारो किलोमीटर हिंडले आणि १८८३ मध्ये त्यांनी आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. माती म्हणजे नुसता खडकाचा चुरा, असे तोवर बहुतेकांना वाटे. दोकुचायेव म्हणाले, नाही. खडक, हवामान, झाडेझुडपे आणि जीवजंतू, जमिनीचा चढउतार आणि काळ, या पाचांनी मिळून माती होते. आज मृदाशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या दिवशी हेच शिकतो.

त्यांची काळी माती आणि आपली काळी माती नावाने बहिणी वाटतात, पण नात्यात नाहीत. तिकडच्या मातीचा काळेपणा गवताच्या कुजीचा, ह्यूमसचा. थंडी इतकी की वर्षातले कितीतरी महिने जिवाणूंचे काम बंद, त्यामुळे कुजलेले साठत गेले. शेकडा पाच, कुठे दहासुद्धा. आपल्याकडे काळा रंग पाहून माणूस फसतो. आपल्या मातीचा रंग बराचसा पाषाणातल्या खनिजांचा आहे, आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्यूमसचा. देशावरच्या बहुतेक जिराईत शेतांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आगेमागेच निघतो. कारण सरळ आहे. ओल असेल तर तापमान दहा अंशांनी वाढले की कुजवणाऱ्या जिवाणूंचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात उघड्या काळ्या रानाची पाठ पन्नास अंशांच्या वर तापते. त्यावर वळीव पडला की आत जे काही सेंद्रिय आहे ते जिवाणू झपाट्याने खातात आणि त्याचा वायू होऊन उडून जातो. तुम्ही टाकलेले शेणखत दोन-तीन वर्षांत कुठे गेले म्हणून विचारता ना? आकाशात गेले.

‘मग आजोबा, कोकणात एवढे दाट जंगल कसे?’ हा प्रश्न तुमच्यातल्या धाकट्या पोरीने नेहमीप्रमाणे मध्येच विचारला, आणि बरोबर विचारला. माती लुटलेली, ऊन आणि पाणी भरपूर, तरी देवराईत दिवसा अंधार. कारण तिथली श्रीमंती मातीत नाहीच, झाडांत आहे. पान गळते, चार महिन्यांच्या ओलीत कुजते आणि वरवरची मुळे त्यातले द्रव्य पावसाने न्यायच्या आत उचलून घेतात. झाड तोडले, पाला नेला की ही देवघेव मोडते आणि हळूहळू खाली उघडा कातळ राहतो. ॲमेझॉनच्या जंगलाचेही असेच आहे. तिथे तर निसर्गाने आणखी एक सोय केली आहे. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटातून उठलेली धूळ अटलांटिक महासागर ओलांडून दरवर्षी सरासरी २ कोटी ७७ लाख टन तिथे पडते, आणि तिच्यातून सुमारे २२ हजार टन स्फुरद त्या जंगलाला मिळतो. वाळवंट जंगलाला खत घालते! आपल्या कोकणाला असे कुणी पाठवत नाही. आपल्यालाच घालावे लागते.

आता या सासू-सासऱ्यांचा स्वभावही बिघडला आहे. पूर्वी मृगाचा पाऊस झिमझिम, मग आर्द्रा, असा नक्षत्रांचा काही पायंडा होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. महाराष्ट्र या पट्ट्यात येतो. पावसाचे दिवस कमी, पण पडला की कोसळतो.

मोठा थेंब जमिनीवर सेकंदाला नऊ मीटरांच्या आसपास वेगाने आदळतो. उघड्या ढेकळावर आदळला की ढेकूळ फुटते, बारीक कण उडतात, जमिनीची छिद्रे बुजतात, वर पापडी धरते आणि पुढचे पाणी आत न जाता पळते. पळताना माती नेते, तीही वरची, सगळ्यांत कसदार. १९८० च्या दशकात आपल्या मृदसंधारण शास्त्रज्ञांनी मांडलेला एक हिशोब आजही सांगितला जातो: देशात दरवर्षी ५३३ कोटी टन माती जागची हलते, हेक्टरी सोळा टनांवर, आणि त्यातली २९ टक्के कायमची समुद्रात जाते. हेक्टरी सोळा टन म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर थर. डोळ्यांना दिसतही नाही. पण सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि या वेगाने ती आठ-नऊ वर्षांत जाते.

बरे, हे झाले रडगाणे. माणसाने काय केले ते ऐका, कारण माणूस काही गप्प बसलेला नाही.

कोकणातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजत आला. कवळ, गवत, शेण, पालापाचोळा रोपवाटिकेच्या जागी पसरायचा आणि पावसाआधी पेटवायचा. त्याने तणाचे बी मरते, राख मिळते, राखेतून पालाश आणि थोडा चुना मिळतो, मातीचा आंबटपणा कमी होतो. पूर्वजांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण तरवा जोमदार येतो हे त्यांनी पाहिले होते. मी राबाला नावे ठेवणार नाही. पण त्यासाठी डोंगर ओरबाडला गेला आणि मूठभर राखेसाठी गाडीभर पाला धुरात गेला, हेही खरे.

याच कोकणातल्या भातासाठी डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री पद्धत बसवली. मला तिच्यातले पहिले सूत्र फार आवडते. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत घाला आणि पेंढ्याचा काही भाग शेतातच गाडा. का? तर तुसाच्या राखेत शेकडा पंच्याऐंशी-नव्वद सिलिका असते. पावसाने लाखो वर्षांत चोरलेली सिलिका ती हीच! भाताला ती मिळाली की पात ताठ होते, खोडकिडा आणि करपा त्याला सहज धरत नाहीत. तांबडीचे गेलेले स्त्रीधन गिरणीच्या मागे तुसाच्या ढिगात पडलेले असते आणि आपण त्याला काडी लावून हात शेकतो. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे. बांधावर गिरिपुष्प लावायचे आणि चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला तीसेक किलो हिरवा पाला शेतात पसरायचा. तो पटकन कुजतो, नत्र देतो. बाकीची दोन सूत्रे म्हणजे ठरावीक अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचणे, म्हणजे पाण्याबरोबर खत वाहून जात नाही. जिथे पाऊस चोर आहे तिथे खत उघड्यावर ठेवायचे नाही, एवढे साधे.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी तर चिखलणीच बंद केली. त्यांच्या सगुणा पद्धतीत एकदा गादीवाफे करायचे आणि पुन्हा नांगर लावायचा नाही. भात टोकायचा, कापल्यावर मुळे जमिनीतच ठेवायची, मग त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा. जागच्या जागी कुजणाऱ्या मुळांनी हवेच्या आणि पाण्याच्या वाटा तयार होतात, गांडुळे परत येतात. तणासाठी यात तणनाशक वापरतात, ते काहींना पटत नाही. मलाही ते थोडे खटकते. पण न नांगरता भात येतो हे पाहिल्यावर पुष्कळांची बोलती बंद झाली.

आता देशावर या. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला व्ही. ए. ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले, ते पुढे कानिटकरांनी चालवले आणि १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू संशोधनाचे केंद्र निघाले. त्यातून जी पद्धत ठरली तिला मुंबई पद्धत म्हणत, कारण तेव्हा आपण मुंबई इलाख्यात. बांध घालून पाणी अडवा, तीन वर्षांतून एकदाच खोल नांगरा, शेणखत घाला, बी विरळ पेरा आणि उभ्या पिकात कोळपत राहा. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ हे तुम्ही ऐकले असेल. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात, आणि त्या भेगांतून जी ओल वाफ होऊन जात होती ती थांबते. काळीचा सगळा खेळ त्या पोटातल्या दोनशे मिलिमीटरांवर आहे, तेव्हा भेग म्हणजे गळका रांजण.

रब्बीच्या रानात एक जुनी खोड आहे. ज्वारी ऑक्टोबरात पेरायची म्हणून रान सगळा पावसाळा उघडे ठेवतात. म्हणजे थेंबांच्या माऱ्यात माती चार महिने बोडकी. ज्यांच्याकडे जूनमध्ये बऱ्यापैकी पाऊस होतो त्यांनी मूग, उडीद घ्यावा, नाहीतर ताग पेरून फुलोऱ्यात आला की गाडावा. मुगाचे एक झाड अलगद उपटा, मुळे धुवा, त्यावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर समजा कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा आहे. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात. गाठ आतून पांढरी निघाली तर अजून काम सुरू नाही, हिरवट निघाली तर काम संपले. जुने लोक याला बेवड म्हणत आणि मुगाचा, हरभऱ्याचा बेवड चांगला हे मुळांतला जिवाणू न पाहताच जाणत होते.

पण काळीला एक गोष्ट अजिबात सोसत नाही. फुकटचे पाणी. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, ऊस आला, पैसा आला, आणि काही वर्षांतच रानांवर पांढरे मीठ फुटू लागले. १९१० मध्ये हॅरोल्ड मान आणि हेच आपले ताम्हणे, यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पावसाने न धुतलेले क्षार जमिनीत खाली पडून होतेच. कालव्याच्या पाण्याने ते विरघळले, पाण्याची पातळी वर आली, देशावरच्या उन्हाने पाणी उडून गेले आणि मीठ वर राहिले. शंभराहून अधिक वर्षे झाली या अभ्यासाला. तरी पाट सोडून झोपायला जाणारे आजही आहेत. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी, शिरोळकडे, आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात आणि गेलेली रानं परत आणतात. जमीन चोपण झाली असेल, म्हणजे क्षारांनी आवळून पाणी मुरेनासे झाले असेल, तर जिप्सम घालतात, धैंचा गाडतात. खर्चाचे काम आहे. पाणी बेताने देणे फुकट आहे.

दोघी बहिणींना चालणारे औषध एकच, ते म्हणजे अंगावर पांघरूण आणि पोटात सेंद्रिय. याची परीक्षा घरी घेता येते. शेताच्या मधून एक ढेकूळ आणा आणि बांधावरच्या जुन्या झाडाखालून, जिथे नांगर कधी लागला नाही तिथून, दुसरे. दोन्ही सावलीत वाळवा. दोन पेल्यांत पाणी घ्या आणि ढेकळे अलगद सोडा. शेतातले दोन-तीन मिनिटांत विरघळून पाणी गढूळ करते, बांधावरचे तसेच बसून राहते. बुरशीचे धागे, गांडुळाची विष्ठा, कुजीतला डिंक यांनी त्याचे कण धरून ठेवले आहेत. जोराच्या पावसात तुमच्या रानाचे काय होणार, हे पेल्यात दिसते. डार्विनसाहेबांनी १८८१ मध्ये गांडुळांवर अख्खे पुस्तक लिहिले. त्यांच्या हिशोबाने काही ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती ही मंडळी दरवर्षी वर आणून टाकतात. त्यांना खायला पालापाचोळा लागतो, आणि तो आपण पेटवतो.

तेव्हा ज्यांचे शेत आहे त्यांच्यासाठी एवढेच. यंदा ऊस तुटल्यावर पाचटाला काडी लावू नका. हेक्टरी आठ-दहा टन निघते ते. सरीत दाबा, आणि टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारे जिवाणू टाका. युरिया अशासाठी की पाचट खाताना जिवाणूंना नत्र लागतो, आणि दिला नाही तर ते पिकाचा पळवतात. कोकणातल्यांनी तुसाची राख गिरणीतून घरी आणावी. आणि दोघांनीही पेरणीआधी माती तपासून घ्यावी. नमुना घेताना बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाखालची जागा सोडा, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करा. पत्रिका हातात आली की नत्र-स्फुरद-पालाशाच्या आधी सामू, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी हे तीन आकडे वाचा, आणि मगच खताच्या दुकानाची पायरी चढा.